जागेवर असल्याचा फोटो

दोन वर्षांपूर्वी, ऐन भातकापणीत, आमच्या किनाऱ्यावर लष्कराचा सराव लागला. सराव म्हणजे लुटुपुटीचं युद्ध, पण शत्रूची म्हणून एक होडी खाडीत घुसणार, ती मात्र खरोखर पकडायची. त्यासाठी चार-चार जवानांच्या तीन चौक्या मांडल्या. एक रेवसच्या जेट्टीपाशी, एक नागावच्या सुरूंमध्ये आणि एक आमच्या गावामागच्या खारबांधावर, म्हणजे खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधावर. आणि तिन्ही चौक्यांचा साहेब कुठे? नागावला, एसीच्या खोलीत, नाश्त्यासकट. खोली माझ्याच भाच्याची, म्हणून ठाऊक. गारवा कमी पडतो म्हणून साहेबाने दोनदा मेकॅनिक बोलावला होता.

गारव्यात बसून तीन ठिकाणची माणसं चालवायची तर फोन हवा. हुकूम निघाला: दर तासाला प्रत्येक चौकीप्रमुखाने आपल्या माणसांचा जागेवरचा फोटो पाठवायचा. उशीर झाला की ग्रुपवर सगळ्यांदेखत झाडणी.

आता आमच्या बांधावर रेंज नाही. कधीच नव्हती. ती येते माझ्या अंगणात, शेवग्याखाली, हात वर केला तर. मग बांधावरच्या चौकीचा प्रमुख, एक नाईक, तळा तालुक्यातल्या शेतकऱ्याघरचा साधा माणूस, तासातासाला फोटो काढायचा आणि चिखल तुडवत माझ्या दारात यायचा. जागेवर आहे हे कळवायला जागा सोडायची!

"अरे, साहेबाला सांग ना, रेंज न्हाय म्हणून."

"सांगितलं आजी. म्हणाले, कारणं नकोत."

"मग दुसऱ्याला धाड."

"विचारलं. फोन प्रमुखाच्याच हातात पायजे म्हणाले."

"आणि तू इथं असताना होडी आली तर?"

"तर ती अडवू का, हे विचारायलाही मला इथंच यावं लागेल."

हसला, पण वरवर. त्याच्या दंडावर दोन फिती. तिसरी, हवालदारकीची, रखडलेली, आणि ती आता याच सरावातल्या साहेबाच्या शेऱ्यावर अवलंबून होती. म्हणून बिचारा तुडवत होता चिखल.

मला माझे सासरे आठवायचे. उधाणाच्या दिवसांत याच बांधावर ते दोन-दोन माणसं लांब लांब उभी करायचे. सांगायचे एकच, खारं पाणी आत येता कामा नये. माती कुठे टाकायची ते तिथल्याने ठरवायचं. "मला विचारायला आलास तर तोवर खांड जाईल," म्हणायचे. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. सासऱ्यांना सही येत नव्हती. हा साहेब म्हणे मोठी परीक्षा पास होऊन आलेला.

चौथ्या दिवशी साहेब न सांगता तपासणीला आला. बांधावर तिघेच. चौथा माझ्या शेवग्याखाली हात वर करून उभा. साहेब तरातरा अंगणात.

"चौकी सोडून इथं काय करताय? लेखी खुलासा द्या. शेरा काय जाणार, कळतंय ना?"

"होय साहेब," नाईक म्हणाला. हात अजून वरच.

तेवढ्यात साहेबाच्या खिशात फोन वाजला. मी म्हटलं, "बघ की साहेब, याचाच फोटो आला. त्यात हा बांधावर हाय. खरा कुठला धरायचा?"

"आजी, तुम्ही मध्ये पडू नका. शिस्तीचा प्रश्न आहे."

"व्हय, शिस्तीचाच. मग बांधावरनं तूच एक फोटो मला पाठव. आला तर मी गप्प."

गेला हो! तरुण रक्त. बांधावर फोन उंच धरून गोल गोल फिरला, दगडावर चढला, मग हात तसाच वर ठेवून पाऊल पाऊल मागे येत थेट माझ्या फाटकाशी पोचला. गुडघ्यापर्यंत चिखल. मागे तिन्ही जवान खाडीकडे असे टक लावून बघत होते, की चार दिवसांत तसं बघितलं नसेल.

वाटलं, आता उमजेल. छे! नाईकाला म्हणतो, "खुलासा राहू दे. चौकी आजपासून इथेच, अंगणात."

"साहेब, इथून खाडी दिसत नाही."

"रेंज आहे ना?"

झालं. देशाचा किनारा माझ्या अंगणातून राखायला लागले. समोर कोंबड्यांचं खुराडं आणि शेजाऱ्याची न्हाणी.

जीप वळली तशी नाईकाने दोघांना शिट्टी देऊन बांधावर परत धाडलं. "होडी दिसली की अडवा. मग शिट्टी मारा. विचारायला येऊ नका." स्वतः उरलेल्याला घेऊन अंगणात राहिला, फोटो पाठवत. दोघेच का, हे साहेबाने एकदाही विचारलं नाही. फोटो वेळेवर येत होता ना!

शेवटच्या दिवशी होडी आमच्याच बांधाखाली त्या दोघांनी धरली. साहेबाने वर कळवलं, "चौकी हलवायचा निर्णय माझा, त्यामुळेच यश आलं." नाईक गप्प बसला आणि महिन्याभरात तिसरी फीत लावून पेढे घेऊन आला.

"आजी, खरं सांगायला पायजे होतं का?"

"कुणाला?" मी म्हटलं. "त्याला? त्याने आधी तुझ्याकडे फोटो मागितला असता."