प्रागच्या फोटोला काच

त्र्याण्णवच्या दंगलीचे दिवस होते. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात अंबरनाथचे एक म्हातारे बेने इस्रायली ज्यू गृहस्थ आले. डोक्यावर गोल टोपी. पुतण्यानं परदेशातून आणलेला फोटो त्यांनी काच बसवायला म्हणून रुमालातून अलगद काढला. प्रागच्या जुन्या ज्यू वस्तीतलं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ, दगडी कमानी, रिकामी बाकं.

“आत कुणीच नाही?” मी विचारलं.

“महायुद्धात तिथली आमची माणसं मारून टाकली. मशीद तेवढी राहिली.”

त्यांच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात, हे मला ठाऊक होतं. बाहेर टपरीवर उभ्या असलेल्या चौघांना नव्हतं. त्यांनी वळून टोपीकडे पाहिलं.

“काका, हळू बोला. टोपी काढा,” मी पुटपुटलो.

त्यांनी टोपी खिशात घातली. “प्रागचे ते लोकसुद्धा हळूच बोलत होते हो,” ते म्हणाले.

चौघं पायरीशी आले. “कोण रे हा म्हातारा?”

“माझे काका आहेत.”

ते आमच्याकडे बघत राहिले आणि मग निघून गेले. मी शटर ओढलं आणि काकांना रिक्षानं अंबरनाथला सोडलं. परतताना रस्त्यात एकानं हात करून रिक्षा थांबवली. तो साधा प्रवासी होता, पण घरी पोचेपर्यंत मी रिक्षावाल्याशीही हळूच बोलत होतो.