रेघकाकूंच्या तीन रेघा

रेघकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या कामात चूक काढत होत्या, आणि मला राग आला तो चूक खरी होती म्हणून.

आमचा छापखाना लहान आहे. पुढे काउंटर, मधे माझा कॉम्प्युटर, मागे मशिन आणि बाइंडिंगचं लांब टेबल. औषधांची खोकी, पावतीपुस्तकं, दुकानांच्या पाट्या, सगळी चित्रं मीच काढते. सहा वर्षं काढतेय, आणि त्या सहा वर्षांचा मला भलताच गर्व होता. काकू बाइंडिंगच्या टेबलावर कागद मोजायला आल्या त्या निवृत्तीनंतर, घरात बसून जीव आंबतो म्हणून. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं एक खोकं उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, "अगं, ही चौकट तीन बाजूंनी सारखी आहे आणि चौथ्या बाजूला केसभर बारीक आहे." मी मोजून पाहिलं. होती. मालक हसले आणि त्यांचं नाव पडलं रेघकाकू.

पुढे कळलं की या बाईंनी एकतीस वर्षं एका सरकारी कचेरीत नुसत्या रेघा ओढल्या होत्या. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचे, काकू त्यावर पारदर्शक कागद ताणून तो शाईनं उतरवून घ्यायच्या. पूल, शाळा, पाण्याच्या टाक्या. जाडीप्रमाणे वेगळं पेन, एकूण सात पेनं. भिंत जाड, दार बारीक, मापाची रेघ सगळ्यात बारीक. रेघ ओढताना श्वास रोखायचा, चुकली तर ब्लेडनं शाई खरवडायची, आणि कागदाला भोक पडलं तर साहेबाची बोलणी खायची. मग कचेरीत कॉम्प्युटर आले. काकूंना आवक-जावक विभागात बसवलं, आणि शेवटची नऊ वर्षं त्यांनी पाकिटांवर शिक्के मारले. हे सांगताना त्या नेहमी हसायच्या. मला मात्र त्या साहेबांना चार शब्द सुनवावेसे वाटायचे.

घरी काकू आणि त्यांचे मोठे भाऊ, दोघंच. भावाला आम्हीही दादाच म्हणायचो. दादा सुतार. चाळीस वर्षं त्यांनी खुर्च्या-कपाटं केली, आणि चार वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. हळूहळू, आधी कडा, मग मधलं. हत्यारं तेल लावून ट्रंकेत ठेवली आणि दादा खुर्चीत बसले ते बसलेच. हात धरून कुठे न्यायला गेलं तर झिडकारायचे, आणि एकटं जायची हिंमत नाही. काकूंनी फार मिनतवाऱ्या करून त्यांना अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात धाडलं. तिथं काठी धरायला शिकले, आणि एक दिवस केंद्राच्या प्रमुखांनी त्यांना लाकडाचे सांधे जुळवताना पाहिलं. म्हणाले, "नव्या इमारतीत सुतारकामाचा वर्ग सुरू करतोय. शिकवाल का?"

अट एकच होती. वर्ग वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला. शिकवणाऱ्यानं फाटकापासून वर्गापर्यंत कुणाचा हात न धरता आलं पाहिजे. प्रमुखांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, शिकणारी माणसंही अंधच असणार. पण इमारतीत रंगकाम चाललेलं, ताबा मिळेपर्यंत आत पाऊल टाकायची सोय नाही. ताबा गुरुवारी, आणि परीक्षाही गुरुवारीच.

दादा काकूंना म्हणाले, "छोटे, हे नाही जमलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही. हत्यारं देऊन टाक कुणाला तरी." एकोणसाठ वर्षांच्या बाईला छोटी म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

आता यात आमचा छापखाना कुठून आला? केंद्रानं इमारतीचा उठावाचा नकाशा आमच्याकडेच करायला दिला. एक खास कागद असतो. त्यावर काळ्या शाईनं छापायचं आणि तो तापवण्याच्या यंत्रातून काढायचा. जिथं काळं तिथं कागद फुगतो, आणि बोटाला रेघ लागते. केंद्रानं यंत्रही पाठवलं. मी म्हटलं, हातचा मळ आहे.

इमारतीचा आराखडा मी कॉम्प्युटरवर मोठा काढला, सगळ्या भिंती छान ठसठशीत केल्या आणि मग अख्खं चित्र कागदाच्या मापात बसवायला लहान केलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक बारीकशी चौकट आहे, आकाराबरोबर रेघेची जाडीही बदलायची का, अशी. तिच्यात खूण नसेल तर चित्र लहान होतं आणि रेघा होत्या तेवढ्याच जाड राहतात. खूण नव्हती, आणि मी पाहिलंही नाही. कागद यंत्रातून बाहेर आला तो दादांच्या हाती दिला. ते बाइंडिंगच्या टेबलाशी बसले होते. दोन्ही हातांनी त्यांनी कागद चाचपला आणि शांतपणे विचारलं, "पोरी, हा चिखल आहे की इमारत?"

व्हरांडे बुजून गेले होते. भिंतीला भिंत चिकटली होती. मी चरफडत खूण केली, पुन्हा लहान केलं. आता रेघा इतक्या बारीक झाल्या की निम्म्या फुगल्याच नाहीत. दादा म्हणाले, "आता इमारतच गेली." तो शनिवार होता.

मी हात टेकले. म्हटलं, काठीनंच चाचपडत जातील, त्यात काय. तेव्हा काकू उठल्या, कागदाची चवड बाजूला सारली आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ."

"काकू, तुम्हाला माउस धरता येत नाही."

"तू पेन कुठं धरलंयस कधी? ऊठ तू."

पहिले दोन तास बघवत नव्हतं. बाण पडद्याच्या बाहेर जायचा आणि काकू टेबलाच्या कडेपर्यंत माउस ओढत न्यायच्या. मी तोंडाला रुमाल लावून हसत होते. मग त्यांनी रेघ ओढताना श्वास रोखला, जुन्या सवयीनं, आणि रेघ सरळ आली. माझं हसू तिथंच थांबलं.

"जाडी कुठं लिहितात?"

"इथं. पॉइंटमध्ये."

"पॉइंट म्हणजे किती?"

मला सांगता येईना. सहा वर्षं मी आकडा डोळ्यांनीच वरखाली करत होते. काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं तसं पुन्हा कुणी पाहू नये. "मिलिमीटर कर," त्या म्हणाल्या. आणि तसं करता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी एक भिंत तीन मिलिमीटरची केली, पट्टी पडद्याला लावली आणि भुवया उंचावल्या. "अगं, ही दोन्हीकडे फुगतेय. मी ओढलेली रेघ मधोमध, आणि जाडी दीड इकडे, दीड तिकडे. म्हणजे भिंत व्हरांड्यात शिरली ना! माणूस चालणार कुठून? भिंतीची जाडी बाहेरच्या अंगानं वाढायला हवी." शोधलं. तीही सोय होती, एका बटणावर. मी ते बटण रोज बघत होते, आणि शोभेचं समजत होते.

रविवारी काकूंनी घरून सात पेनांच्या जाड्या लिहिलेली कचेरीतली जुनी वही आणली, आणि सोमवारी दुपारपर्यंत अख्खी इमारत उतरवली. सात जाडीच्या रेघा. बाहेरची भिंत वेगळी, आतली वेगळी, कठडा वेगळा, पायऱ्या वेगळ्या. पडद्यावर ते चित्र इतकं देखणं दिसत होतं की मालक मशिन थांबवून बघायला आले. काकूंच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांचं तेज आलं होतं. कागद तापवला, दादांपुढे ठेवला.

दादा बराच वेळ बोट फिरवत राहिले. "किती प्रकारच्या रेघा आहेत?"

"सात," काकू ताठ मानेनं म्हणाल्या.

"माझ्या बोटाला तीनच लागतात. जाड, बारीक, आणि मधलं सगळं सारखंच. छोटे, या सात तुझ्या डोळ्यांच्या आहेत. माझ्या बोटांना तेवढं कळत नाही."

काकू उठून नळाकडे गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर दादांचा रागही आला. बाईनं जन्मभराची विद्या पुढे मांडली आणि याला ती नको! काकू आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी एकेक करून चार जाड्या पुसून टाकल्या. पुसताना त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. मी विचारलं, "काकू, सगळ्या?"

"नकाशा कुणासाठी आहे?" एवढंच म्हणाल्या.

उरल्या तीन. भिंत जाड. चालायची वाट बारीक, व्हरांड्याच्या मधून. दार म्हणजे भिंतीत मोकळी जागा. तिसरी मधली, ती जिन्याला. पण जिन्याची रेघ लागली तरी तो वर कुठल्या बाजूला जातो ते बोटाला कसं कळणार? दादा म्हणाले, "उलट्या बाजूनं आलो तर पायरीवर तोंडघशी पडेन."

काकू पडद्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हातानं काढताना पेन जरा दाबलं की रेघेला पोट यायचं. साहेब ओरडायचा. या यंत्रात रेघेला पोट देता येतं का?"

मी म्हणणार होते, नाही. पण एव्हाना मी शहाणी झाले होते. शोधायला बसले. अर्ध्या तासानं सापडलं. एकाच रेघेवर जागोजाग पकडून ती हवी तिथं फुगवायची, हवी तिथं निमुळती करायची. मी काकूंना दाखवलं आणि त्या लहान मुलीसारख्या खुर्चीत उडाल्या. जिन्याची रेघ खाली बारीक सुरू झाली आणि वर जाता जाता जाड होत गेली. कागद तापवला. दादांनी तर्जनी ठेवली, सरकवली, थांबवली. "चढतोय," ते म्हणाले. मग बोट मागे आणलं. "आणि आता उतरतोय." चार वर्षांत दादांना असं हसताना काकूंनी पाहिलं नव्हतं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आम्ही तिघांनी त्या दिवशी छापखान्यात असा काही आरडाओरडा केला की शेजारचा चष्मेवाला विचारायला आला, आग लागली का म्हणून.

मंगळवार आणि बुधवार दादा तो नकाशा घेऊन बसले. जेवतानाही डाव्या हाताखाली कागद. त्यांना नुसती फाटक ते वर्ग अशी वाट नको होती, सगळी इमारत हवी होती. काकू विचारायच्या, "पाणी प्यायचं झालं तर?" आणि दादा बोट न हलवता सांगायचे, "खाली उतरून डावीकडे दुसरं दार."

गुरुवारी सकाळी आम्ही वरच्या मजल्यावर वर्गाच्या दाराशी उभे होतो, प्रमुख, काकू आणि मी. दादांना फाटकापाशी पहारेकऱ्याकडे सोडून आलो होतो. कुणी बरोबर चालायचं नाही, हाक मारायची नाही, असं ठरलं होतं. दारातून समोरचा लांब व्हरांडा आणि जिन्याचा वरचा कठडा दिसत होता. पाच मिनिटं झाली. काठीचा आवाज खाली ऐकू आला, अगदी जिन्यापर्यंत, आणि मग थांबला. काहीतरी खडखडलं. पुन्हा सामसूम.

दहा मिनिटं झाली. प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते, पण मला त्या क्षणी त्यांचं घड्याळ खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. प्रमुख हळूच म्हणाले, "बाई, खाली जाऊन बघू या. कुठं पडलेबिडले असले तर..." काकूंनी मान हलवली. नाही. त्यांचे डोळे भरले होते, पण पाऊल हललं नाही. जायचं तर मीही जाणार होते, पण ती पकड सुटेना.

"कोणाची वाट बघताय?"

आवाज मागून आला. वर्गाच्या आतून. आम्ही तिघंही एकदम वळलो, आणि मी तर किंचाळलेच. वर्गाला लागून असलेल्या सामानाच्या खोलीच्या दारात दादा उभे होते, काठी काखेत, बाहीला पांढरा रंग लागलेला.

"पुढच्या जिन्यावर कुणीतरी रंगाची बादली ठेवलीय," ते म्हणाले. "काठी लागली, सांडली थोडी. म्हटलं, चढावं कशाला तिच्यातून? मागचा जिना आहेच की. तो या खोलीत निघतो."

"मागचा जिना?" प्रमुख म्हणाले. "तो मलासुद्धा माहीत नव्हता."

काकूंनी जाऊन भावाला मिठी मारली आणि मोठ्यानं रडल्या, कुणाची लाज न धरता. दादा म्हणत राहिले, "अगं छोटे, रंग लागेल, रंग लागेल." मी टाळ्या वाजवल्या. एकटीच वाजवत होते, पण हात दुखेपर्यंत वाजवल्या.

प्रमुखांनी माझ्या हातातला नकाशा घेतला. वर्गातल्या लांब बाकावर पसरला, डोळे मिटले आणि बोट टेकवलं. बोट इकडे गेलं, तिकडे गेलं, बागेत गेलं. "मला काहीच कळत नाही," ते म्हणाले.

दादा चाचपत बाकाशी गेले, प्रमुखांचं मनगट शोधलं आणि त्यांचं बोट उचलून फाटकावर ठेवलं.

"दाबू नका, सर. नुसतं टेकवा. लागली जाड? ती भिंत. आता बारीक शोधा, ती तुमची वाट. हळू."

प्रमुख डोळे मिटून सरकत होते. कपाळावर आठ्या, ओठ दाताखाली. तसंच डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "मग, सोमवारपासून किती वाजता येणार तुम्ही?"

"ते बघू," दादा म्हणाले. "आधी जिन्यापर्यंत पोचा. चुकलात, तुम्ही मुतारीत शिरलात."