भाऊबीजेचा कॅशबॅक

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी वर्तमानपत्र बातम्यांसाठी येत नाही, आत घातलेल्या रंगीत कागदांसाठी येतं. निदान माझ्यापुरतं तरी. मी रोह्यात प्राथमिक शाळेत शिकवते, चारचौघांत समजूतदार म्हणून ओळखली जाते. पण ‘ऑफर’ हा शब्द दिसला की मला चेव येतो. कशावर काय फुकट, कुठल्या कार्डावर किती सूट, कूपन खरवडलं तर काय निघेल, हे सगळं मला मनापासून आवडतं आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी बाबांनी माझ्या या हौसेला स्वतःहून काम दिलं. मी असाच एक कागद उलगडून बसले होते, तर समोर येऊन बसले आणि म्हणाले, “मला फोन घ्यायचाय. एक नाय, दोन. ते तोंड दिसतं ना, तसले. एक मला नि एक बायला. या भाऊबीजेला तोच घालायचा ओवाळणीत.”

बाय म्हणजे माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण. पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात तिला दिली. उभा जन्म तिने मिठागरावर काढला आणि आता गुडघ्यांनी तिला घरात बसवलंय. बाबांचे कान नागोठण्याच्या कंपनीत मशीनच्या आवाजात गेले. कानातलं यंत्र लावलं की समोरच्याचं थोडंफार कळतं, पण फोन कानाला नेला की ते यंत्र शिट्टी मारतं. त्यामुळे भावाबहिणीचं फोनवरचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. भाऊ बहिरा आहे हे आत्याच्या डोक्यात इतकं पक्कं, की ती तिकडून जीव खाऊन ओरडायची; आणि फोन असायचा माझ्या कानाला. तिच्या सुनेशी काय बिनसलं, कुठली भाजी नासली, हे तिच्या अख्ख्या आळीला ऐकू जायचं. मग मी बाबांकडे तोंड करून सावकाश सांगायचे, बाबा बोलतील ते परत तिला पोचवायचे. दोघंही माझ्या देखत जपूनच बोलायची.

समोरासमोर मात्र त्यांना कधी अडचण आली नाही. आत्याच्या ओठांवरून बाबांना सगळं कळतं. पण समोरासमोर म्हणजे वर्षातून एकदा, भाऊबीजेला.

“तिचं तोंड दिसलं की मला ऐकू येतं,” बाबा म्हणाले. “मग तुझा पण खोळंबा नाय.”

मला एकदम भरून आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी डोक्यात दिवाही पेटला की एका घरात एकदम दोन फोन घ्यायचे म्हणजे ऑफरच ऑफर.

मग काय, शाळा सुटली की मी बाजारात. रोह्याच्या दुकानात दोन वर्षांचा प्लॅन घेतला तर फोनवर बरी सूट आणि वर प्रेशर कुकर. कुकर काचेच्या कपाटात लाल फीत बांधून ठेवला होता. माझा कुकर गेली दोन वर्षं शिट्टीऐवजी नुसते उसासे टाकत होता, त्यामुळे मी जवळजवळ तिथेच पाघळले. पण पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात गेले तर तिथे खरवडायचं कूपन, त्यात पहिलं बक्षीस स्कूटर! परत रोह्याला येऊन मी कुकरवाल्याला स्कूटरचं सांगितलं. तो म्हणाला, “टीचर, स्कूटर एकालाच लागणार, कुकर सगळ्यांना.” मला ते पटलं. पटत पटत मी पुन्हा अष्टमीला गेले. पुलावर रोज भेटणाऱ्या एका शेजारणीला वाटायला लागलं की मी तिकडे जागा बघतेय.

अखेर पेणची ऑफर हाती लागली आणि बाकीच्या सगळ्या फिक्या पडल्या. मोठ्या पडद्याचा फोन घ्या, त्यावर छोटा फोन मोफत. दोन्ही नंबर एकाच बिलात. वर्षभर दर महिन्याला कॅशबॅक, आणि शिवाय डिनर सेट. ऑफर भाऊबीजेच्या संध्याकाळपर्यंतच होती. मी हिशेबही चोख लावला. मोठा फोन बाबांना, कारण ओठ वाचायचे तर पडदा मोठाच हवा. छोटा आत्याला, कारण तिचे कान ठणठणीत, तिला काय वाचायचंय? त्या दिवशी मला आकाश ठेंगणं झालं होतं. भाऊबीजेला सकाळी पेणला उतरायचं, फोन घ्यायचे आणि तसंच आत्याकडे जायचं, असा बेत ठरला.

गाडीत बाबा खिडकीशी बसले. नवा सदरा, खिशात पैशांचं पाकीट आणि त्यावर सारखा हात. निडी गेलं, नागोठणं गेलं, कंपनीच्या चिमण्या दिसल्या तरी बाबांनी नेहमीसारखं कंपनीचं पुराण काढलं नाही. मधेच माझ्याकडे वळून म्हणाले, “तिला रोज लावला तर चालेल ना? का त्याला पण मर्यादा हाय?” मी म्हटलं, कितीही वेळ बोला. तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

दुकानात गर्दी होती. काउंटरवरची मुलगी चटपटीत. तिने दोन्ही डबे समोर ठेवले, कागद पुढे केले आणि मी सही करायला पेन उचललं. तेवढ्यात बाबांनी छोट्या डब्यावरचा पिवळा कागद वाचला. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, ‘मोफत’.

“हा कोणाचा?” बाबांनी विचारलं.

“आत्याचा.”

“फुकट मिळालेली वस्तू बहिणीच्या ताटात घालू?”

मी त्यांच्याकडे तोंड करून नीट समजावलं. फुकट कोण देतं, दोन्हींचे पैसे एकातच लावलेले असतात, नुसतं म्हणायला मोफत. बाबा शांतपणे म्हणाले, “मग तसं लिहावं. मोफत कशाला लिहिलंय?”

काउंटरवरच्या मुलीला वाटलं आजोबांना ऑफर कळली नाही. ती उत्साहाने म्हणाली, “आजोबा, शिवाय वर्षभर पैसे परत मिळणार आहेत.” झालं. बाबांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं, तिच्या ओठांकडे निरखून बघत. मग माझ्याकडे वळले. “म्हणजे मी आज ओवाळणी घालणार, नि वर्षभर त्यातली थोडी थोडी उचलून घेणार? असं कोण करतं?”

मागे रांगेतले दोघं तिघं हसले. माझं डोकं सणकलं. इतके दिवस मी पूल तुडवत होते, कुकर सोडला, स्कूटर सोडली, आणि हे ताटाचं घेऊन बसले. मी म्हटलं, “बाबा, कॅशबॅक नको म्हणता येत नाही, तो आपोआप येतो.” ते म्हणाले, “मग दुसऱ्या दुकानात जाऊ.” आणि खरोखर उठले.

त्या मुलीने मात्र गिऱ्हाईक सोडलं नाही. तिने बाबांना हाताने थांबवलं आणि डब्यांची जागा बदलली. मोठा फोन ज्यांच्या नावावर लावाल, कॅशबॅक त्यांच्याच नंबरावर जमा होणार, ती म्हणाली. मोठा आत्यांना द्या, म्हणजे विकतचा तो त्यांचा, परत येणारे पैसेही त्यांचेच. मोफतचा तुम्ही ठेवा.

बाबांचा चेहरा उजळला. “म्हणजे वर्षभर ओवाळणी चालू. हे बरं हाय.”

“बरं कसलं?” मी आता ओरडलेच. “तुम्हाला ओठ दिसायला नकोत? त्या छोट्या पडद्यावर काय दिसणार? ज्यासाठी फोन घेतोय तेच नाही झालं तर?”

मुलीने दोन्ही फोन दुकानाच्या वायफायवर सुरू केले. मोठा घेऊन ती दुकानाच्या टोकाला गेली आणि कॅमेऱ्यात बघून काहीतरी बोलली. बाबांनी छोटा फोन डोळ्यांसमोर धरला, लांब नेला, जवळ आणला, चष्मा वर केला. “काय म्हणाली?” मी विचारलं.

बाबांनी फोन खाली केला. मग म्हणाले, “नाय कळलं.”

मी हात जोडायचेच बाकी ठेवले. म्हटलं, सोडा ते ओवाळणीचं, आत्याला कुठे कळणार आहे? मोठा तुम्ही ठेवा, तिला नंतर साडी घेऊ. पण बाबांनी पाकीट काढून काउंटरवर ठेवलं होतं. “ओवाळणीत आपल्या कष्टाचं घालायचं. माझं मी बघीन,” ते म्हणाले. डिनर सेटचा खोका मात्र त्यांनी माझ्याकडे सरकवला. “ही तुझी दलाली.”

आत्याच्या गावाला जाणाऱ्या रिक्षात मी तो खोका मांडीवर घेऊन बसले होते. फुकट मिळालेल्या वस्तूचा इतका राग मला आयुष्यात पहिल्यांदाच आला. बाबांच्या सगळ्या वर्षाच्या बोलण्यावर त्यांनी स्वतःच पाणी फिरवलं होतं, आणि वर खुशाल खाडीकडे बघत बसले होते.

आत्याने पाट मांडला होता, भोवती रांगोळी. गुडघ्यावर हात ठेवून कशीबशी उभी राहिली आणि तिने बाबांना ओवाळलं. बाबांनी ताटात डबा ठेवला. तिने तो उचलला, उलटासुलटा केला, चारही बाजूंनी बघितला आणि बाबांना नीट दिसेल असं तोंड करून विचारलं, “दादूस, हा एकावर एक फुकटवाला नाय ना? टीव्हीवर दाखवतात तो?”

“नाय गो,” बाबा छाती काढून म्हणाले. “हा विकतचा. फुकटवाला माझ्याकडं हाय.” आणि सदऱ्याच्या खिशातून आपला छोटा फोन काढून तिला दाखवला. मग माझ्याकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला निघून गेले.

वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खाऊन झाली आणि उन्हं कलली तेव्हा नंबर सुरू झाले. बाबा लगेच आपला फोन घेऊन अंगणाच्या टोकाला, बांधापाशी जाऊन उभे राहिले. आत्या आत खिडकीशी बसली. मी दारात उभी, कारण तिथून दोघं दिसत होती. बाबांना नाही कळलं तर उद्यापासून पुन्हा मीच, आणि तेही चालेल, पण त्यांचा चेहरा कसा बघू, असं मला वाटत होतं.

फोन वाजला. आत्याने तो उचलला आणि सवयीने सरळ कानाला लावला. “दादूस! ऐकू येतंय का?” ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या अंगणातली माणसं बघायला लागली. तिकडून बाबा ओरडले, “बाय, तुझा कान दिसतोय!”

मी धावत आत गेले, फोन तिच्या हातातून घेऊन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हटलं, “आत्या, आता ओरडू नको. नुसतं फोनकडे बघून बोल.” आणि परत दारात आले.

आत्याने पदर सारखा केला. पडद्यात दिसणाऱ्या भावाकडे थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आत वावरणाऱ्या सुनेकडे बघितलं, आणि बोलायला लागली. पण आवाज नाही. नुसते ओठ हलत होते, सावकाश, मोठाले, अगदी एकेक शब्द. भाऊ बहिरा म्हणून इतकी वर्षं ती सगळ्या आळीला ऐकवत होती, आणि भाऊ बहिरा म्हणूनच आज तिला कुणाला काही ऐकवायची गरज नव्हती.

बांधापाशी बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तो छोटा फोन नाकाला लागेल इतका जवळ धरला. मी दारातून बघत होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्या सुटल्या. मग बाबा हसले, अगदी खदखदून, आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाले. खिडकीशी आत्याने पदर तोंडाला लावला, हसली, पदराच्या टोकाने डोळे पुसले आणि पुन्हा बोलायला लागली.

मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. पण त्याच्या जोडीला एक विचित्र हुरहूरही लागली, कारण त्या दोघांचं बोलणं चालू होतं आणि मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. असं आजवर कधी झालं नव्हतं. शेवटी मला राहवेना. मी अंगण ओलांडून बाबांपाशी गेले, त्यांच्या खांद्याला हात लावला आणि तोंड समोर करून विचारलं, “काय म्हणाली हो आत्या?”

बाबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “का गो, तुला ऐकू नाय आलं?”