सोनं कुटलं तेव्हा

सोन्याच्या अणूंमधला बंध मोडायला मी मिरी कुटायचा खलबत्ता उचलला, हा माझ्या आयुष्यातला अव्वल मूर्खपणा. कपाळावरच्या व्रणाबद्दल नात विचारते तेव्हा आधी मी वाघाची गोष्ट सांगते. ती संपली की खरी.

मी नुकतीच कुंभकोणम्‌च्या कॉलेजातून निवृत्त झाले होते. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेलं आणि घमेंड अशी, की भाजीवालीलाही अणू समजावून सांगेन. वर्गात दरवर्षी तेच सांगायचे: ज्या अणूचं बाहेरचं कवच गच्च भरलेलं, त्याला कुणाशी देणंघेणं नाही. तसे दोन जवळ आणा, एकमेकांना ढकलतील.

लेक त्याच कॉलेजात नोकरीच्या मुलाखतीसाठी आली होती. दुसऱ्या दिवशी तिथे घोटून दाखवायला काचेच्या कुपीत चिमूटभर पांढरी पूड; सोन्याचं संयुग. अतिनील दिव्याखाली ती निळी चमके. घोटली की पिवळी व्हायला हवी, कारण, तिच्या मते, घोटताना सोन्याचे अणू एकमेकांना खेटतात आणि कवच भरलेलं असूनही ओढून धरतात; हाच तो बंध. पण पूड तेवढीच, म्हणून ही बया भीतभीत घोटायची आणि रंग काही धड पालटेना. अंधारासाठी स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून दुपारभर रडवेली बसली होती.

मी म्हटलं, पालटेल कसा, बंध असेल तर ना. ती म्हणाली, तुझी पुस्तकं रद्दीत गेली.

आमच्या घरात मराठी चालतं, पण भांडण पेटलं की आम्ही तमिळवर येतो. शेजाऱ्यांनाही समजायची सोय हवी. मी ओरडले, बंध असेल तर हा बघ मोडते. तिच्या हातातली कुपी हिसकली, खलात उपडी केली आणि कुटत सुटले.

तिनं माझा अंबाडा धरून मला मागे खेचलं. मी कोपर मारलं. मग तिनं डबरा, म्हणजे कॉफीची पितळी वाटी, भिरकावला, गरम कॉफीसकट. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी ही निवृत्त प्राध्यापिका कुटतेच आहे. शेवटी तिनं पूड वाचवायला खलात हात घातला आणि माझा बत्ता थेट तिच्या बोटावर बसला. नख मधोमध चिरलं. तिच्या किंकाळीनं माझा हात थांबला.

किती उरलीय ते बघायला तिनं डाव्या हातानं तो अतिनील दिवा खलावर धरला. रक्ताचे थेंब काळे दिसत होते. बाकीची पूड हळदीसारखी पिवळीधमक, भगभगत होती. मी बंध मोडायला निघाले होते. तो मीच कुटून कुटून घातला होता.

तिचं बोट माझ्या पदरात घट्ट गुंडाळलं. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून विचारलं, आता उद्याचं काय. ती म्हणाली, द्रावकाचे चार थेंब टाकले की पुन्हा निळी होते, मिरीसकट. मग सुजलेल्या बोटाकडे बघितलं, माझ्या रक्ताळलेल्या तोंडाकडे बघितलं, आणि मराठीत म्हणाली,

"आई, या हातानं उद्या मला बत्ता धरवणार नाही. तू चल. आणि निघताना माझ्याशी असंच भांडून चल."