इंदुमतीबाईंचा हट्टी रेणू

लग्न होऊन इंदुमती लिमये सांगलीहून भोपाळला आल्या, त्या थेट नीळकंठरावांच्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. नुसतं क्वार्टर झाडत बसणं आपल्याच्यानं व्हायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. रसायनशास्त्रातली पदवी होती. एका संशोधन संस्थेत त्या तंत्रज्ञ म्हणून चिकटल्या आणि चौतीस वर्षं तिथेच राहिल्या. साहेब आले, गेले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

आता शुक्रवारी निवृत्ती होती आणि एक रेणू त्यांच्या डोक्यावर मिरे वाटत होता. हिवतापावरच्या नव्या औषधासाठी दीड वर्ष खपून त्यांनी तो बनवला होता. अशा रेणूची ठेवण आपल्या हातांसारखी असते, डावी नाहीतर उजवी. उजवी निघाली तर जंतू मरतो, डावी निघाली तर तो ढिम्म हलत नाही. कोणती ते ठरवायला स्फटिक हवा, आणि हा पठ्ठ्या काही केल्या काकवीसारखा चिकटच राहायचा.

"शुक्रवारपर्यंत स्फटिक नाही मिळाला तर हा सोडून देऊ या," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. सुचेता म्हणाल्या. गोड आवाजात म्हणाल्या, म्हणून बाईंना जास्तच झोंबलं. काम कपाटात पडणार आणि आपण घरी!

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी तो वेगळ्या द्रावकात विरघळवून रात्रभर ठेवला. बुधवारी सकाळी, उशिरा येते असं सांगून त्या बिट्टन मार्केटमध्ये मटार निवडत होत्या, तेवढ्यात शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सरोजचा फोन आला.

"दीदी, आपका वाला तो जम गया!"

सरोज कानपूरची. तिच्या हिंदीत जम गया म्हणजे गोठलं. पण इतकी वर्षं हिंदीत भाजीचा भाव करणाऱ्या बाईंना ऐन वेळी ऐकू आलं ते अस्सल सांगलीचं: जमलं! मटार तिथेच टाकून त्या रिक्षात बसल्या, वाटेत पेढे घेतले आणि नवऱ्याला फोन लावला.

"अहो, जमलं हो!"

"काय जमलं?"

"तुम्हांला मेलं काही लक्षातच राहत नाही!"

प्रयोगशाळेत पाहतात तर चंबूत पांढरा दगड. थंडी कडाक्याची, खिडकी उघडी राहिलेली. हा द्रावक अठरा अंशांखाली गोठतो, हे बाई स्वतःच दर हिवाळ्यात सगळ्यांना बजावत असत.

"मैं तो कह रही थी कि बर्फ़ बन गया," सरोज ओशाळून म्हणाली.

बाईंना सरोजचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. पेढ्यांचा पुडा त्यांनी खुर्चीखाली सरकवला. मग दुसरं काही सुचेना म्हणून चंबू दोन्ही तळव्यांत धरून त्याला ऊब देत बसल्या. हळूहळू सगळं वितळलं. तळाशी मात्र चार कण राहिले. चंबू हलवला, तर ते गिरकी घेऊन पुन्हा खाली बसले. गोठता गोठता द्रावकानं रेणूला कोपऱ्यात रेटलं होतं, आणि तिथे नाइलाजानं त्याचे स्फटिक झाले होते.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कडा स्वच्छ, टोकदार. त्यांना रडू फुटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

दारात कार्यालयातले मोहनबाबू उभे होते. "मॅडम, रिटायरमेंट के काग़ज़ पर साइन..."

"परसों आइए, मोहनजी," बाई डोळा न काढता म्हणाल्या. "अभी मैं नौकरी में हूँ."