हॉस्पिटलचं नाव सापडेना

टोरगुनबाई आमच्या बेटावरच्या शाळेचे, पंचायतीचे आणि दवाखान्याचे संगणक सांभाळायच्या. बाई तापट. निम्म्या गावाशी त्यांचं वाजलेलं, पण बोलावलं की हातातलं काम टाकून यायच्या.

त्या दुपारी वादळात मोबाइलचा टॉवर गेला, हेलिकॉप्टर उडेना, आणि आस्ब्यर्न नावाचा आमचा कोळी छाती दाबत दवाखान्यात आला. मी तिथली नर्स. ईसीजी काढला, पण किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी तो पाहिल्याशिवाय रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन देता येत नव्हतं. पाठवायची वेबसाइट उघडेना. जुना तारेचा फोन तेवढा जिवंत होता; त्यावरून मी बाईंना बोलावलं.

बाईंनी आल्या आल्या राउटर बंद करून पुन्हा चालू केला. वेळ गेला, फरक शून्य. आस्ब्यर्नचे ओठ निळसर दिसायला लागले.

"टोरगुन, तुझ्या यंत्राआधी मीच बंद पडतो बघ," तो पुटपुटला.

"गप पड. दम घालवू नकोस."

फोनवर डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे वेबसाइट नीट उघडतेय. इकडे कुठलीच साइट उघडत नव्हती. मग बाईंनी बाहेरच्या एका सर्व्हरला नावाऐवजी आकडी पत्त्यानं हाक मारून पाहिली, आणि लगेच उत्तर आलं.

"लाइन धड आहे," त्या म्हणाल्या. "नावावरून पत्ता शोधून देणारा पंचायतीचा सर्व्हर मेलाय."

पंचायतीच्या रस्त्यावर लाटा चढलेल्या, तिथं जाणं शक्य नव्हतं. बाहेरच्या दुसऱ्या सर्व्हरला विचारायची वाट सुरक्षेसाठी बंद ठेवलेली. बाईंनी हॉस्पिटलच्या तंत्रज्ञाला फोनवर बोलावून वेबसाइटचा आकडी पत्ता मागितला आणि आमच्या संगणकातच नावापुढे तो लिहून टाकला. तरी साइट उघडेना. बाईंनी ताडलं: वाऱ्याच्या आवाजात एखादा आकडा चुकला असणार. त्यांनी पत्ता पुन्हा मागितला, एकेक आकडा सुटा, आणि प्रत्येक मोठ्यानं म्हणून दाखवला. एक खरंच चुकला होता.

तो दुरुस्त केला आणि पान उघडलं. ईसीजीचा आलेख गेला. डॉक्टरांनी तो पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "द्या इंजेक्शन."

पहाटे वारा पडल्यावर हेलिकॉप्टर आलं. आस्ब्यर्न वाचला.

पंचायतीचा सर्व्हर सुरू झाल्यावर बाई पुन्हा आल्या आणि आमच्या संगणकातली ती ओळ पुसायला बसल्या. मी म्हटलं, राहू द्या ना, उपयोगी पडेल.

"उद्या हॉस्पिटलनं पत्ता बदलला, तर हीच ओळ आपल्याला चुकीच्या दारात नेऊन उभं करेल," त्या म्हणाल्या, आणि पुसली.