‘नाही’च्या बाजूला एक

डोंबिवलीहून निघतानाच माझं डोकं फिरलेलं होतं. आमच्या सोसायटीच्या कमिटीने बिल्डरशी पुनर्विकासाचा करार आधी केला, सभा नंतर बोलावली. मी भर सभेत उठून विरोध केला. इतिवृत्तात मात्र आलं, ‘सर्वानुमते मंजूर’. हातगाडीवर लाद्या वाहून, पै-पै जमवून घेतलेलं घर माझं, आणि माझा विरोध यांनी खाऊन टाकला!

सिडनीला मुलाकडे, मंदारकडे पोहोचलो तरी तोंडात तेच. तो ब्लॅकटाउनला राहतो. पेंडल हिलच्या देशी दुकानात मी भेंडीचा भाव पाडायला लागलो, तर तो खेकसला, ‘‘बाबा, इथे घासाघीस करत नाहीत!’’

‘‘मग कोवळी तरी दे म्हणावं.’’

त्याच दुपारी, तिथल्या भाषेत ‘आर्वो’ला, त्याने मला ट्रेनने शहरात नेलं, जुनी विधानसभा दाखवायला. हिरवी बाकं, जड लाकूडकाम. मार्गदर्शक बाई पिकल्या केसांच्या, खणखणीत आवाजाच्या. त्या सांगत होत्या : १८८५ साली सुदानमधल्या ब्रिटिशांच्या लढाईसाठी इथल्या वसाहतीच्या सरकारने सैन्य पाठवलं. जहाज सुटलं, बंदरावर जल्लोष झाला, आणि मग सभागृहाची मंजुरी घेतली.

‘‘आधी जहाज, मग सभा?’’ मी इंग्रजीत ओरडलोच.

‘‘अगदी तसंच, मेट (दोस्ता).’’

मंदारने कपाळाला हात लावला.

काही सभासद भांडले, बाई म्हणाल्या. सुदानी लोकांनी आपलं काय वाकडं केलंय, असा त्यांचा सवाल. ते हरले; पण त्यांची भाषणं नावांसकट छापलेली आहेत.

मग त्यांनी आम्हा पर्यटकांचंच मतदान घेतलं. सैन्य पाठवायला ‘हो’ म्हणणारे अध्यक्षांच्या उजवीकडे, ‘नाही’ म्हणणारे डावीकडे. सगळे हसत उजवीकडे गेले. मंदारसुद्धा!

‘‘बाबा, इकडे या. लवकर आटपेल.’’

मी डावीकडे एकटा उभा राहिलो. बाईंनी बोट दाखवून मला मोजलं आणि मोठ्याने जाहीर केलं, ‘‘नाही : एक.’’ एवढंच. पण मोजलं तरी!

परतल्यावर सोसायटीची सभा लागली. पहिलाच विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. सेक्रेटरी मान वर न करता म्हणाले, ‘‘सर्वानुमते कायम?’’

मी उठलो आणि त्यांच्या डाव्या हाताला, भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो.

‘‘काका, बसा ना. काय झालं?’’ आता त्यांनी मान वर केली.

‘‘आधी मोजा,’’ मी म्हटलं.